दोन वर्षं थोरलीची

वैशाख लागला की मेहरूणला संध्याकाळच्या वाऱ्यावर लग्नं येतात. पत्रिकांच्या आधी त्यांचे आवाज येतात. तलावापलीकडच्या कुठल्याशा लॉनवरचा ढोल आधी छातीत वाजतो, मग कानात. दिवसभर तापलेल्या गच्चीवर चपला घालून मी वाळलेले बिबडे गोळा करत असते. ज्वारीचा तो पातळ, कडकडीत पापड कापडावरून आपसूक सुटून येतो आणि ढोलाच्या ठोक्यासरशी बोटांत थरथरतो. खाली आई असते. वडील गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते. दर वर्षी ती जिन्यातून ओरडून विचारायची, "कोनाचं लगीन आहे वं?" जणू सगळ्या जळगावच्या पत्रिका माझ्याच घरी येतात.

यंदा पहिला ढोल वाजला तेव्हा तिनं काही विचारलं नाही. मी टोपलं घेऊन खाली आले, तर ती खिडकीशी उभी होती. थोड्या वेळानं ढोल थांबला आणि माइकवर एका मुलीचा गोड आवाज आला. वारा त्यातले अर्धे शब्द खात होता. पण "सगळ्या विवाहित जोडप्यांनी" एवढं स्पष्ट ऐकू आलं. तसल्या उकाड्यात आईनं खिडकी लावून घेतली. वर कडी घातली. मी तिला का म्हणून विचारलं नाही. तो आवाज घरात यायला मलाही नको होता.

माझ्या मामाचं गाव यावलच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी. लहानपणीची उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे तेच गाव. नाना हे माझे मामा, आईचे थोरले भाऊ. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून आम्हीही नानाच म्हणायचो. दुपारी बाहेर फुफाट्यात पाय ठेवता यायचा नाही आणि केळीच्या बागेत शिरलं की एकदम ओलसर, हिरवा अंधार. वाऱ्यानं फाटलेल्या पानांच्या पट्ट्या एकमेकींवर घासत राहायच्या. आतल्या आत बाया दबक्या आवाजात बोलताहेत असं वाटायचं. आम्ही मुलं बागेत धावत जायचो, पण मधोमध पोचलो की कुणीच काही न बोलता परत फिरायचो.

मामी उंच होती. घरातल्या पुरुषांच्या बरोबरीनं उंच. जुन्या घराच्या बुटक्या दारांमधून वावरताना मान झुकवायची जी सवय तिला लागली, ती अंगणातही सुटायची नाही. तिला आम्ही विमलमामी म्हणायचो. तिच्या गळ्यात मंगळसूत्राच्या खाली काळ्या दोऱ्यात एक टाक असायचा. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा चांदीचा पत्रा, आणि त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. बाईचं नाक, डोळे कधीच झिजून गेले होते. उरला होता नुसता चेहऱ्याचा फुगवटा आणि खाली जोडलेले हात. मामी आम्हाला पाणी द्यायला वाकली की तो टाक लोंबून आमच्या कपाळाला लागायचा. गार. तांब्याला हात लावला तर पोळावा अशा दुपारी, मामीच्या घामेजल्या अंगावरून सुटून आलेला तो पत्रा गार असायचा. मी तो कपाळाला लागू नये म्हणून मान मागं घ्यायची. तरी तो लागायचाच.

टाकावरची बाई म्हणजे थोरली. नानांची पहिली बायको आणि मामीची सख्खी मोठी बहीण. ती बाळंतपणात गेली, मूलही गेलं. मग त्याच घरातली धाकटी मुलगी नानांना दिली. दुसरी आली की तिनं पहिलीला गळ्यात घेऊनच उंबरा ओलांडायचा, अशी त्या घरची रीत. सकाळी अंघोळ झाली की मामी आधी टाकाला कुंकू लावायची, मग स्वतःला. नवं लुगडं आधी टाकाला टेकवायची, मग नेसायची. जेवायला बसली की पहिला घास टाकाजवळ नेऊन ताटाच्या कडेला ठेवायची. आणि हे सगळं करताना बोलत असायची, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी.

"अक्का, आज आमरस हाये. तुले आवडे ना? घे."

आम्ही हसायचो. पण त्या कडेच्या घासाकडं बघायचं नसतं, हे आम्हाला कुणी न सांगताच कळलं होतं.

एकदा मी धीर करून विचारलं, "मामी, ती उत्तर देते का गं?"

"देते ना."

"काय म्हणते?"

मामीनं भाकरी मोडली. "म्हनते, माझ्या वाटचं तूच खाय."

त्या दिवशी मला आमरस गेला नाही.

नाना तेव्हा समोरच्या पाटावर जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही. नाना मितभाषी. मामीला त्यांनी नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. ओट्यावरून ते खाकरायचे आणि मामी हातातलं काम टाकून बाहेर जायची. त्या टाकाकडं त्यांनी बघितल्याचंही मला आठवत नाही. मामीशी बोलताना त्यांची नजर तिच्या कपाळावर किंवा पायांवर असायची. मधे, गळ्यापाशी, ती कधी थांबायची नाही.

मागच्या वैशाखात नानांच्या नातवाचं, प्रतीकचं लग्न झालं. तो पुण्याला नोकरी करतो. मुलगी सायली, धुळ्याची. लग्न सकाळी लागलं आणि संध्याकाळी पाचोरा रोडवरच्या एका लॉनवर रिसेप्शन. सूर्य मावळला होता, तरी जमिनीतून धग येत होती. प्लॅस्टिकच्या हिरवळीला गरम रबराचा वास सुटला होता. पाण्याचे फवारे उडवणारे मोठे पंखे फिरत होते, पण त्यांचं पाणी अंगावर पडायच्या आतच वाळत असावं. भरीत, शेवभाजी, पुरणाचे मांडे, पलीकडं चायनीजचा काउंटर. बायका एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात पदर सांभाळत खुर्च्या शोधत होत्या. मधूनच झळ आली की मांडवाचं पांढरं कापड फुगायचं आणि फटकन खाली बसायचं.

निवेदनाला धुळ्याकडच्या मंडळींनी एक मुलगी आणली होती. हसरी, चुणचुणीत. तिनं माइक घेतला आणि म्हणाली, "आता एक खास डान्स! ज्यांचा संसार सगळ्यात जास्त वर्षं टिकलाय अशा जोडीचा आज आपण सन्मान करणार आहोत. सगळ्या विवाहित जोडप्यांनी फ्लोअरवर यायचंय. मी वर्षं सांगत जाईन. ज्यांना तेवढी झाली नसतील त्यांनी खाली उतरायचं."

कल्पना सगळ्यांना आवडली. माझे पती कधी नाचत नाहीत, तेही उठले. प्रतीक आजी-आजोबांना आणायला गेला. मामी खुर्चीला धरून बसली होती.

"अरे बाबा, माझा गुडघा धड नाही."

"आजी, नुसतं उभं राहायचंय. तूच जिंकणार आहेस!"

"जिंकून काय करू?" असं म्हणत मामी उठली. नाना मागोमाग आले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातातली काठी प्रतीकनं काढून घेतली होती.

गाणं सुरू झालं. एक वर्षाच्या आतले उतरा म्हटल्यावर नवरा-नवरीच आधी उतरले आणि हशा पिकला. मग पाच वर्षं, दहा वर्षं. आम्ही पंचविसाव्याला उतरलो. आईजवळ येऊन बसलो. आधी तो सगळा गोंधळ छान वाटत होता. मग माणसं कमी होत गेली तसतसं ते काही तरी वेगळंच दिसायला लागलं. मोकळी फरशी वाढत होती. उरलेली म्हातारी जोडपी एकमेकांकडं न बघता जागच्या जागी हलत होती आणि माइकवरचा आवाज आकडा वाढवत होता. या खेळात शेवटी उरणाऱ्याला काही करावं लागत नाही. बाकीचे जातात, एवढंच. चाळिसाला तीन जोड्या राहिल्या. पन्नासाला नाना आणि मामी. भोवती केवढी तरी रिकामी जागा.

टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. निवेदिका धावत त्यांच्याजवळ गेली. "आबा, आता आजींचं नाव घ्यायचं! आणि सांगायचं, किती वर्षं झाली लग्नाला?"

नानांनी माइक दोन्ही हातांनी धरला. "विमल," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "पंचावन वर्सं."

पुन्हा टाळ्या. मुलीनं माइक मामीसमोर धरला. "बरोबर ना आजी?"

मामीनं मान झुकवलेलीच होती. "नाही," ती म्हणाली. "तरेपन."

मांडव हसला. "आबा, दोन वर्षं जास्त सांगितली! इतकी जड गेली की काय?" मुलगीही हसत होती. मामी हसू थांबायची वाट बघत राहिली. माझ्या दंडावर आईची बोटं आवळली गेली होती. नखं रुतत होती.

"दोन वर्सं माझ्या बहिनीचे," मामी म्हणाली. "विमल ती. माझं नाव इंदू हाये."

शांतता एकदम पसरली नाही. यावलकडच्या जुन्या माणसांपासून ती सुरू झाली आणि खुर्च्यांच्या रांगांमधून धुळ्याच्या पाहुण्यांपर्यंत गेली. त्यांना काही कळलं नव्हतं, तरी ते गप्प झाले. मी जन्मापासून त्या बाईला विमलमामी म्हणत होते. इंदू हे नाव मी त्या घरात एकदाही ऐकलं नव्हतं.

मामीनं हात मानेमागं नेले. टाकाचा दोरा अंबाड्यात अडकला. कुणी मदतीला गेलं नाही. तिनं तो ओढून काढला. नानांचा उजवा हात उलटा करून तळव्यावर टाक ठेवला आणि त्यांची बोटं एकेक करून मिटली. माइक जवळच असल्यामुळं सगळ्या लॉनला ऐकू गेलं.

"पह्यले तिच्यासंगं नाचा. ती अगोदरची हाये. मी थांबते."

ती लंगडत कडेला गेली आणि खाली उतरलेल्या बायकांमध्ये जाऊन उभी राहिली. तिच्या गळ्यावर, जिथं टाक असायचा तिथं, एक फिक्कट डाग दिसत होता. त्या जागेला ऊन कधी लागलंच नव्हतं.

निवेदिकेनं गाणं लावायची खूण केली. कुठलंसं सिनेमातलं गोड गाणं वाजायला लागलं. नानांचा मुलगा दिलीप पुढं होऊन हातानंच "बंद करा" म्हणाला. गाणं बंद झालं. आणि ते बंद झाल्यावर नाना नाचायला लागले.

मूठ पुढं धरलेली. दोन पावलं पुढं, एक मागं, कमरेतून किंचित झुकणं, परत दोन पावलं. आवाज नाही. फक्त मांडवाचं कापड फुगून खाली बसायचं, फुगून बसायचं, आणि नानांचे पाय नेमके त्यावर पडायचे. म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो तसा त्यांचा तोल जात नव्हता. हात मात्र मधूनच ताणला जायचा, पलीकडून कुणी गिरकी घ्यावी तसा. मी बघत होते आणि काही तरी खटकत होतं. मग लक्षात आलं. हात खाली होता. समोरच्या माणसाचा हात धरावा त्यापेक्षा बराच खाली.

"थोरली ठेंगणी होती," आई माझ्या कानात म्हणाली. "आखाजीच्या सणाला झोक्याखाली बाया नाचतात ना, ती पावलं आहेत ही. नानाला कुठून येतात? तो तर त्या वेळी शेतात असायचा."

आमच्या पुढच्या रांगेत सायलीची आजी बसली होती. तिला नीट दिसत नव्हतं. तिनं शेजारणीला विचारलं, "हाऊ बाबा एकलाच का बरं नाची ऱ्हायना वं?"

आई म्हणाली, "एकटा नाहीये तो."

मी खाली बघितलं. हिरवळीवर आईचे पाय हलत होते. दोन पुढं, एक मागं.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. नाना थांबले ते हात सोडवून घेतल्यासारखे. त्यांची टोपी तिरकी झाली होती. ते धापा टाकत कडेला आले, मामीसमोर उभे राहिले आणि दुसरा हात पुढं केला. तोही तसाच खाली. मामी त्या हाताकडं बघत राहिली. मला वाटलं आता ती वाकेल. जन्मभर वाकलीच होती. तिनं नानांचं मनगट धरलं आणि तो हात वर उचलला, स्वतःच्या उंचीपर्यंत. मग दोघं फरशीवर गेली. नाचली असं म्हणता येणार नाही. मामीचा गुडघा वळत नव्हता. दोन फेऱ्या हळूहळू चालली, एवढंच. पण त्या दोन फेऱ्यांत तिची मान सरळ होती आणि ती नानांपेक्षा उंच आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

शेवटी नानांनी मूठ उघडून टाक तिच्यापुढं धरला. तिनं मान हलवली.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

नानांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. कुणी तरी भानावर येऊन टाळ्या वाजवल्या. त्या लगेच विरल्या.

घरी जाताना गाडीत आई बोलली. "विमलवहिनी घरात आली तेव्हा मी लहान होते. तिच्याच मागं मागं असायची. नाचायला तिनंच शिकवलं मला. ती गेली आणि वर्ष फिरायच्या आत माझ्या आईनं दुसरी आणली. उंचच उंच मुलगी, तिचेच डोळे. आईनं सगळ्यांना दारातच सांगितलं, ह्या घरातली विमल गेली असं कोनी म्हनायचं नाही. ही विमल. मी म्हटलं, ही विमल नाही, विमलवहिनी इतकी उंच नव्हती. तर आईनं मला थोबाडीत मारली." आई गाडीच्या काचेकडं बघत होती. "मग मीही विमलवहिनी म्हणायला लागले. काही दिवसांनी मला आठवेनाच की पहिली कशी दिसायची. तिच्या जागी हिचाच चेहरा यायचा. आज नाना नाचत होता तेव्हा आठवली. पायाच्या बोटापासून आठवली."

नंतर जेठ महिन्यात दिलीपच्या बायकोचे, सुनीताचे फोन यायला लागले. ती तशी धीट बाई, पण फोनवर कुजबुजत बोलायची. "ताई, रोज सकाळी कुंकवाचा करंडा उघडा दिसतो. रात्री मी स्वतः झाकते. देवघरापुढं कुंकू सांडलेलं असतं. कधी ओट्यावर भाकरीचा तुकडा ठेवलेला असतो. सासूबाई तर झोपतच नाहीत. हात सारखा गळ्याकडं जातो त्यांचा. गावातल्या बाया म्हणतात, गळ्यात होती तोवर ती बांधलेली होती. आता मोकळी सोडली तुम्ही."

मी तिला असलं काही नसतं म्हणून समजावलं. फोन ठेवल्यावर मात्र मी आमचा कुंकवाचा करंडा झाकलेला आहे ना, ते बघून आले. त्याच आठवड्यात वादळ झालं आणि त्यांच्या बागेतली केळी आडवी झाली. वादळ त्या भागात दर उन्हाळ्यात होतं, शेजारच्या चार बागाही पडल्या होत्या. पण लोक नानांच्याच बागेबद्दल बोलले. कुणी म्हणे भगताला बोलवा, कुणी म्हणे नवा टाक करून सुनेच्या गळ्यात घाला. सुनीता फोनवर रडली. "माझ्या गळ्यात का म्हणून, ताई?"

आई म्हणाली, "आपण जाऊ या."

श्रावणात गेलो. यावलला उतरून पुढं दुसरी बस. बागेत पडलेल्या खोडांच्या बुडातून पिलं वर आली होती. गुंडाळलेली, फिकट हिरवी पानं. पावसानं सगळीकडं कुबट, गोडसर वास भरला होता. मामी वाळलेली दिसली. गळ्यावरचा तो डाग अजून तसाच होता. तिनं आमची विचारपूस केली आणि बोलता बोलता तिचा हात वर गेला, गळ्यापाशी चाचपडला आणि खाली आला.

आम्ही तिघी मधल्या खोलीत झोपलो. पहाटे जाग आली ती पितळी झाकणाच्या आवाजानं. किण्ण. देवघराच्या कोनाड्याशी समई लावलेली होती आणि तिथं कुणी तरी पाठमोरं बसलं होतं. ओलं अंग, पाठीवरून पाण्याचे ओघळ. मग पाठीचा वाकलेला कणा ओळखू आला. नाना होते. त्यांच्या समोर देवांच्या ओळीत टाक उभा होता. ते अनामिकेनं त्याला कुंकू लावत होते. हात थरथरत होता, त्यामुळं कुंकू सांडत होतं. आणि ते हळू आवाजात काही बोलत होते. मधेच थांबत होते, ऐकत असल्यासारखे. मग पुन्हा बोलत होते.

मी शेजारी बघितलं. मामी टक्क जागी होती.

"मामी," मी कुजबुजले, "नाना आहेत गं ते."

"मालूम हाये."

"मग सुनीताला का नाही सांगत? ती घाबरून मरतेय."

"सांगन. आज सांगन." मामी छताकडं बघत होती. "त्यायचं त्यायले करू दे. इतके वर्सं मी केलं. त्यायनं एक दिवस बी तिले बोट लावलं नव्हतं. रडले बी नव्हते. रडायच्या आत माले आनून उभं केलं ना त्यायच्या म्होरं, तिचं नाव घालून. मंग कोनासाठी रडतीन?"

देवघराकडून नानांचा आवाज येतच होता.

"आणि तुला? तुला बरं वाटतं का आता?"

ती म्हणाली, "माले एकलं वाटतं. माझी बहीन व्हती ती. रोज बोलत व्हती मी तिच्यासंगं. सासूचं गाऱ्हानं, पोरायचं गाऱ्हानं, ह्यायचं सुदिक. सगळं तिले सांगत व्हती. आता मी कोनाले सांगू?"

"ती खरंच बोलायची तुझ्याशी?"

मामीनं माझ्याकडं मान वळवली. समईच्या उजेडात तिचे डोळे फार स्वच्छ दिसत होते. "व्हय," ती म्हणाली. "आता त्यायच्यासंगं बोलते. आयक ना."

मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. पांघरूण डोक्यावरून घेतलं. आई पलीकडं झोपलेली होती की जागी होती, मला अजून माहीत नाही.

सकाळ झाल्यावर मामीनं सुनीताला जवळ बसवून सगळं सांगितलं. सुनीता आधी रडली, मग हसली, मग सासऱ्यांवर चिडली. भगत आला नाही आणि नवा टाकही झाला नाही. थोरली देवघरातच राहिली. तिचं कुंकू, तिचा घास, दोन्ही नाना बघतात. वर्ष होत आलं, अजून बघतात.

श्रावणातल्या त्याच दिवशी दुपारची गोष्ट. पाऊस उघडला होता. मामी चुलीपुढं भाकरी थापत होती आणि मी तिच्याजवळ बसून तूर निवडत होते. ओट्यावर नाना खाकरले. मामी सवयीनं परात बाजूला सारून उठायला लागली. तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"इंदू."

मामी अर्धी उठलेली तशीच थांबली. मग परत खाली बसली. तिनं दाराकडं बघितलं, कुणी पाहुणी आली का म्हणून. माझ्याकडं बघितलं. मग हळूच वळून स्वतःच्या पाठीमागं बघितलं. मागं धुरानं काळी झालेली भिंत होती. तिच्याकडं ती बराच वेळ बघत राहिली.

"इंदू वं," नाना पुन्हा म्हणाले. नव्या माणसाचं नाव घ्यावं तसं, अडखळत. "पानी आन जरासं."

मामीनं पिठाचा हात छातीवर ठेवला. लुगड्यावर पांढरी पाच बोटं उमटली.

"माले?" तिनं मला विचारलं.

मी मान डोलावली. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. ती तिनं उलटली नाही. तांब्या भरून घेतला, पदर नीट केला आणि "आले" म्हणाली. तो आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. पलीकडच्या खोलीतून आई चटकन दारात आली आणि कोण बोललं म्हणून सगळीकडं बघायला लागली.